जुना रस्ता आधी

भूसंपादनाचे साहेब दोन तास उशिरा आले आणि आल्याआल्या त्यांनी रस्त्याला शिव्या घातल्या.

"हा काय रस्ता आहे हो? अड्याळहून नऊ किलोमीटर यायला पाऊण तास! दोनदा गाडी खड्ड्यात बसली."

"तेच तर आमी म्हणून राहिलो, साहेब," भय्याजी म्हणाले. "दहा वर्सापासून म्हणून राहिलो."

मंडपात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. ग्रामपंचायतीचं छत गळतं, म्हणून ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात भरली होती. सप्ताह चालू, कालच्या कीर्तनाचा माइक पांढऱ्या बैठकीवर तसाच उभा होता. साहेब पायमोज्यांवर चालत थेट माइकपाशी गेले आणि हातातला नकाशा त्यांनी बाजूच्या पेटीवर पसरला.

चाळीस वर्षं टाळ धरलेला माणूस भय्याजी. राग आला की विठ्ठलाचं नाव घेऊन गिळून टाकायचा. आज राग घशाखाली उतरत नव्हता. नकाशावरची लाल रेघ त्यांच्या चार एकर धानाच्या बांध्यांतून, भरल्या खाचरांतून, आरपार गेली होती. त्यांच्याच कशाला, एकतीस घरांच्या.

"सहा पदरी रस्ता!" साहेब बोलू लागले. "तुमचं गाव जगाशी जोडलं जाईल. आज फक्त जमीन द्यायचा ठराव पाहिजे. हात वर करायचे, झालं."

बचत गटाच्या चंद्रकलाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "त्या रस्त्यावर आमी चढू कुठून, साहेब?"

"इथून नाही चढता येणार. दोन्ही अंगांना भिंत असते. चढायची सोय बावीस किलोमीटरवर आहे."

"अन् तिथवर जायाचं कसं?"

"आहे ना रस्ता." साहेब जरा अडखळले. "हाच."

"म्हंजे मोठ्या रस्त्यावर जायाले याच खड्ड्यायतून जायाचं! वावर आमचं, धूळ आमची, गाड्या लोकायच्या. आमी काय करावं मंग? भिंतीले कान लावून गाड्या मोजाव्या?"

या वेळी कुणी हसलं नाही. भय्याजी उठले. आवाज चढू नये म्हणून त्यांनी उपरण्याचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

"आमी रस्त्याले नाही म्हणतच नाही जी. हाच रुंद करा. नाल्यावर पूल बांधा. माही एक बांधी या रस्त्याले लागून आहे, लागली तर घेऊन टाका, एक शब्द बोलणार नाही. पण असलेला रस्ता मरू द्यायचा अन् नवा आमच्या छातीवरून न्यायचा, हे कायले?"

"काका, भावनेवर रस्ते होत नसतात," साहेब म्हणाले. नकाशाची उडणारी कड त्यांनी तळहातानं पेटीवर दाबून धरली.

सरपंच राजकुमार घाईघाईनं पुढं झाला. त्याला सभा उरकायची होती. "साहेब, एवढा शब्द द्या. जुना रस्ता आधी करून देतो म्हणा. गाव आत्ताच हात वर करते. काहो, करता ना?"

आणि खरंच, हात वर जाऊ लागले. आधी स्वतः सरपंचाचा, मग पुढच्या रांगेतले, मग खांबाजवळचे. लोक थकले होते. भय्याजींना आपली चार एकर डोळ्यांदेखत जाताना दिसली.

साहेबांचा चेहरा खुलला. "एवढंच ना? मग ऐका, मी तुम्हाला सांगतो—"

"थांबा जी!" भय्याजी ओरडले. देवळात त्यांचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "बोलायच्या आधी पायाखाली पाहा. नारदाची गादी आहे ते. तिथं उभं राहून बुवा कीर्तन सांगतात. तिथं जो उभा राहीन त्याच्या पाया पडतो आमी, मंग तो लहान लेकरू का असेना. अन् तिथून कोनी खोटं बोलत नाही. आता सांगा. जुना रस्ता आधी करता का?"

साहेबांनी खाली पाहिलं. पांढऱ्या बैठकीवर त्यांचे काळे पायमोजे होते.

तेवढ्यात सुंदरबाई उठली. कंबरेत वाकलेली म्हातारी. तिला ठराव कळत होता की नाही, देव जाणे. पण गादीवर माणूस उभा आहे, एवढं तिला दिसत होतं. हळूहळू चालत ती पुढं आली, साहेबांच्या पायमोज्यांवर तिनं डोकं टेकवलं आणि टाचा उंचावून त्यांच्या कपाळाला बुक्का लावला.

"बोला, महाराज," ती म्हणाली.

हात अजून वरच होते. साहेबांनी कपाळाला बोट लावून पाहिलं. बोट काळं झालं. त्यांनी माइक उचलला, तार ओढून घेतली आणि ते दोन पावलं डावीकडे, उघड्या फरशीवर सरकले.

"हो," ते म्हणाले. "शंभर टक्के. जुना रस्ता आधी."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. सगळ्यांत शेवटी सरपंचाचा.