पहिली टाळी

“आज टाळीसाठी एकही माणूस बसवायचा नाही,” काकांनी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला पुन्हा बजावलं. “माझी शपथ आहे तुम्हाला.”

व्यवस्थापक हसला. टाळीवाल्या काकांनीच टाळ्या नको म्हणावं, म्हणजे कमालच झाली! किती पडेल नाटकं या माणसानं सावरली होती, त्याला गणतीच नाही. आपली दोन-तीन माणसं कडेला पेरायची, स्वतः मधोमध बसायचं आणि वाक्य संपतंय न संपतंय तोच पहिली टाळी ठोकायची. जरा उशीर झाला की लोक विचार करायला लागतात, आणि विचार करणारा माणूस टाळी वाजवत नाही, असं काकांचं म्हणणं. एकदा सुरुवात झाली की शेजारी शेजाऱ्याकडे बघून हात उचलतो आणि बघता बघता नाट्यगृह दणाणतं. वर घरी जाताना प्रत्येकाला वाटतं, आपल्याला मनापासून आवडलं बुवा.

पण आज लेकीचा पहिला एकपात्री प्रयोग होता. तिच्या मामानं परगावी आपल्या ऑफिसात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. लोकांनी उचलून धरलं तर नाटक, नाहीतर निमूटपणे मामाकडे, असं तिचं तिनंच ठरवलं होतं. आईविना वाढलेली पोर. तिच्या आयुष्याचा निकाल असल्या हुकमी टाळीनं लावायचा? काकांच्या मनाला ते पटेना.

सकाळी चहा देताना तिनं सहज विचारलं होतं, “बाबा, बसणार कुठे?”

“शेवटच्या रांगेत. दाराजवळ.”

“बरं. आवडलं तरच वाजवा हं. माझं मन राखायला नको.”

काकांनी मान डोलावली. लोकांनी सुरुवात केली की मग आपण सगळ्यांपेक्षा जोरात वाजवायची, त्याआधी नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आपल्या हातांमागून लोक गेले, तर पोरीला स्वतःची किंमत कधी कळायचीच नाही.

ओळखीच्या नजरा चुकवायला ते मुद्दाम बाहेर रेंगाळले. तिसरी घंटा होऊन दिवे मालवल्यावर हळूच आत शिरले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले.

गोष्ट होती एका टेलिफोन ऑपरेटर बाईची. जन्मभर इतरांचे फोन जोडून देणारी, पण तिला स्वतःला कुणाचा फोन नाही. लेक अशी रंगली की काका धंदा विसरून ऐकत राहिले. मधे कुणीतरी नाक ओढलं. शेवटी तिनं रिसीव्हर कानाला लावला, पलीकडून कुणी बोलेल म्हणून थांबली आणि अलगद खाली ठेवला.

आता! काकांचे तळवे शिवशिवले.

कुणी वाजवली नाही.

काका थांबले. द्या ना रे कुणीतरी, ते मनात कळवळले. पुढच्या काही माना मागे वळल्या. समोरच्या रांगेतल्या एक बाई तर चक्क त्यांच्याकडेच बघत राहिल्या. ओळखलं वाटतं मेल्यांनी! भाड्याच्या टाळीची वाट बघताहेत. शरमेनं काकांचे कान तापले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

लेक हात जोडून उभी होती. बराच वेळ उभी होती. मग पडदा पडला आणि लोक खाली माना घालून, एकमेकांशी न बोलता बाहेर पडले.

आत ती आरशासमोर रंग पुसत होती.

“मला फार आवडलं गं,” काका म्हणाले.

“राहू द्या, बाबा. तुमचं खोटं मला लगेच कळतं.” ती हसली, पण तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आठवड्याच्या आत ती मामाकडे गेली. फोन करायची, औषध घेतलं का विचारायची. नाटकाचं नाव नाही. काकांनीही तो धंदा सोडला. निदान पोरीला फसवलं तरी नाही, असं ते स्वतःला बजावत. पण जेवताना मधेच घास हातात राहायचा. दिली असती एक टाळी, तर काय आभाळ कोसळणार होतं? बापच ना आपण?

वर्षभरानं बाजारात व्यवस्थापक भेटला. आधी नजर चुकवून पुढे गेला, मग राहवेना म्हणून परत आला.

“राग मानू नका काका, पण पोरीत एवढं काय कमी होतं?”

“मला कशाला विचारता? लोकांनाच नाही आवडलं. मी काय करणार?”

व्यवस्थापक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. “म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही आत यायच्या आधी ती पडद्याबाहेर आली होती. सगळ्यांना हात जोडून म्हणाली, शेवटच्या रांगेत दाराजवळ माझे बाबा बसतील. पहिली टाळी त्यांची. त्यांनी नाही दिली, तर कृपा करून कुणीच देऊ नका.”