पुरुषभर खोल

बर्फ ढकलता ढकलता आमचा जुना ट्रॅक्टर एकदाचा बसला, म्हणून मी नवा बघायला दुकानात गेले. सोबत माझा मुलगा क्लिफ्टन होता. त्याचं एकच पालुपद, "आई, घर-जमीन विकून टाक आणि बर्लिंग्टनच्या वृद्धाश्रमात जा." घरामागच्या टेकाडावर, मेपलच्या झाडाखाली त्याच्या बापावर आम्ही माती लोटत होतो, तेव्हाही हेच बोलला होता मेला.

दुकानदार मर्लने सगळ्यात लहान ट्रॅक्टर पुढे केला. "हा गवत कापतो, बर्फ ढकलतो. बाईमाणसाला पुष्कळ झाला."

"बाईमाणसाचं मी बघते. हा खोदतो का, ते सांग."

"मागे खोदायचा हात लावून देतो. पण हा छातीएवढंच खोदेल. तो पलीकडचा मोठा मात्र पुरुषभर खोल जातो."

"मग तो मोठाच दे."

क्लिफ्टन वैतागला. "अगं, लहानच घे ना. उद्या घर विकताना त्याच्याबरोबर पटकन खपेल तरी. आणि या वयात तुला पुरुषभर खड्डा हवाय कशाला?"

 

"तुझ्या बाबांच्या शेजारी माझी जागा मीच खोदून ठेवणार आहे. घर घ्यायला जो येईल, त्याला आधी तोच खड्डा दाखव."