कागदाची पाठ

"तीन कागद, पाच-पाच भोकं," मुलीने निशाण्याचे कागद टेबलावर ठेवले. "दोष कुणाचा तेवढं सांगा, बाबा. रायफलींचा निघाला तर या खेपेतल्या चाळीसच्या चाळीस भंगारात जातील."

कारखान्याच्या चाचणी विभागाची ती आता प्रमुख होती. वडील तिथलेच सर्वांत जुने नेमबाज. सगळे त्यांना 'गरुड' म्हणत. प्रत्येक कागदामागे त्यावर गोळ्या झाडणाऱ्याचं नाव असे, आणि निकाल दिल्याशिवाय कागद उलटायचा नाही, हा नियम त्यांचाच. ओळखीचं नाव दिसलं की भल्याभल्यांची जीभ अडखळते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गरुडांनी पहिला कागद हातभर लांब धरला, भोकांवरून बोट फिरवलं. "एकाखाली एक, सरळ रांग. गोळ्यांत दारू कमीजास्त भरलीय. पेटी परत पाठव."

मग दुसरा. "दोन जागी दोन घोळके. दुर्बिणीचा स्क्रू ढिला आहे. रायफल बिचारी उगाच बदनाम! आवळ आणि पुन्हा पाच झाड."

तिसऱ्यावरची भोकं चारी दिशांना पांगली होती. तो त्यांनी हातातही घेतला नाही.

"हा नेमबाज संपला. याचीच रायफल, याच्याच गोळ्या, लोखंडी शिकंज्यात घट्ट धरून झाड. पाचही गोळ्या बटणाएवढ्या जागेत बसतील. याची नजर गेलीय. घरी पाठव."

मुलीचा चेहरा उतरला. शिकंज्यातली चाचणी तिने सकाळीच करून पाहिली होती.

"नीट बघा ना. वारा असेल."

"वाऱ्याने गोळ्या एका अंगाला जातात, चहूकडे नाही. नाचता येईना अंगण वाकडं! याच्यापायी चाळीस चांगल्या रायफली भट्टीत घालणार आहेस?"

"तीस वर्षं इथे काढलीत हो त्या माणसाने. कसं सांगू मी त्याला?"

"तोंडाने! चुकलो असेन तर मिशी उतरवीन. उलट तो कागद."

तिला रडूच आलं. तिने कागद उलटला आणि त्यांच्यापुढे सरकवला. मागे त्यांचंच नाव होतं.

गरुडांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून घडी घातलेला राजीनामा काढून त्यांनी तिच्या हातात दिला. त्यावर तारीख होती ती त्या पाच गोळ्या झाडल्या त्या दिवसाची.