नितळ पाणी

ताईनं बादली थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली. आत मेलेले मासे होते, पोटं वर केलेले. शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या त्या केंद्रात वासाचं कुणाला नवल नव्हतं, तरी साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"तुमच्या पाण्यानं मेले," ताई म्हणाली. "निम्मं तळं गेलं. उरलेले वर येऊन तोंडं उघडतायत. ते गेले तर मी खायचं काय?"

तिच्या तळ्यात पाणी यायचं ते इथल्याच शेवटच्या टाकीतून. आणि या टाक्या चालवणारा ऑपरेटर, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दाराशी उभा होता. हे पाणी घे म्हणून त्यानंच तिच्या मागं टुमणं लावलं होतं.

मासे कशानं मेले हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाण्यातली घाण खातात ते टाकीच्या गाळातले जंतू, आणि थंडीत तेही गारठतात. एका जंतूच्या कामाला तीन लागतात. म्हणून थंडीच्या तोंडावर गाळ काढायचा नसतो, साठू द्यायचा असतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण मोठे पाहुणे केंद्र बघायला यायचे होते आणि साहेबांना टाकी चकाचक हवी होती. गाळ उपसला. पाहुण्यांनी वाहवा केली, फोटो काढले आणि गेले. पाठोपाठ थंडी आली. तेव्हापासून पाणी दिसायला नितळ, पण त्यात विरघळलेलं, डोळ्यांना न दिसणारं विष जसंच्या तसं खाली तळ्यात जात होतं. उपशाचा पंप ऑपरेटरनं स्वतःच्या हातानं चालवला होता, तोंडातून ब्र न काढता. म्हणजे खापर फुटलं असतं ते त्याच्याच डोक्यावर, आणि साहेबांनी सकाळीच त्याला ते नीट समजावून सांगितलं होतं.

"बोल रे," साहेब म्हणाले. "आपलं पाणी कसं आहे?"

"चांगलं आहे." तो ताईकडे वळला. "तूच माशांना जास्त खायला घातलं असशील. उरलेलं सडतं, मग पाणी बिघडतं."

"काहीतरीच काय? थंडीत मासे खाण्याला तोंड लावत नाहीत. गारठा पडल्यापासून मी चिमूटभरही टाकलेलं नाही."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ऑपरेटरला मात्र उत्तर शोधावं लागलं नाही. ते इतक्या पटकन सुचलं याची त्याला स्वतःलाच शिसारी आली.

"मग उपाशी मेले," तो म्हणाला. "थंडीतही थोडं घालावंच लागतं."

ताईनं टेबलावरची बादली पदरानं झाकली. साहेबांना हसू आवरेना, म्हणून ते खोकले.

"होतं असं, बाई," ते म्हणाले. "घरातच एवढा जाणकार भाऊ आहे, आधी त्याला विचारायचं."

बादली उचलून ती बाहेर आली. तो तिच्या मागोमाग आला. तिचे डोळे भरले होते, पण रागानं नाही.

"मुकी जित्राबं, माझ्या हातानं मेली रे," ती म्हणाली. "आणि मी उगाच साहेबांना बोलले. तुझ्या नोकरीवर तर येणार नाही ना काही?"

"नाही."

"आता जाऊन पोटभर घालते उरलेल्यांना. आणि एक कर, पाणी जरा जास्त सोड. ताज्या पाण्यानं जगतील बिचारे."

ती फाटकाशी थांबून बघत राहिली. तिच्यादेखत त्यानं तळ्याकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.