आधी कोणाकडे?

शिट्टी वाजली आणि शरदराव कण्हायला लागले. ते इतके मनापासून कण्हले की खालच्या मजल्यावरच्या बोसबाईंनी काय झालं म्हणून खिडकीतून बंगालीत हाक मारली, "की होलो, दादा?"

"किछु ना, बोउदी! मॉक ड्रिल!" काही नाही, नुसता सराव, असं श्यामरावांनी ओरडून सांगितलं. कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीत एवढा खुलासा पुरेसा होता.

कल्पना श्यामरावांचीच. रेल्वेच्या सुरक्षा विभागात खोटे अपघात आणि खोटे जखमी हाताळण्यात त्यांची हयात गेली होती. आता धाकट्या लेकीसाठी त्यांनी हॉलचा वॉर्ड केला होता. आभा नर्स होती. परदेशात नर्सिंग करायचं तर तिथल्या परवान्याची परीक्षा द्यावी लागते, तीत ती एकदा नापास झाली होती. उद्या पुन्हा होती. या वेळीही नापास झाली तर तिकडच्या हॉस्पिटलने देऊ केलेली नोकरीही जाणार होती.

औषधं, डोस, रक्ताचे रिपोर्ट, सगळं तिला तोंडपाठ होतं. घोडं अडायचं ते एकाच तऱ्हेच्या प्रश्नाशी. चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? आभा दर वेळी त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे जायची. मोठ्यांना आधी पाणी, मोठ्यांचं आधी पान, हे तिच्यात इतकं मुरलं होतं की 'वय ७८' असं मोबाइलवर दिसलं की बोट आपोआप तिथेच टेकायचं. उत्तर चुकलं की तिला रडू यायचं, आणि पुढच्या प्रश्नाला ती पुन्हा आजोबांकडेच जायची.

"वाचून होत नाही ना, मग करून बघू," श्यामराव म्हणाले. थोरल्या नूपुरचे सासू-सासरे नाशिकहून कोलकाता बघायला आले होते, त्यांनाही त्यांनी आजारी पाडलं. स्वतः श्यामराव रक्तदाबाचे पेशंट, जेवण अळणी म्हणून चिडलेले. विहीणबाई सुमनताई ऑपरेशन होऊन सावरलेल्या, घरी जायची घाई झालेल्या. आभाची आई, शकुनताई, जबर वेदनाशामक इंजेक्शनाने शुद्ध हरपलेली, श्वास अगदी मंद. आणि वयाने सगळ्यात मोठे व्याही शरदराव यांचा पाय मुरगळलेला.

"नुसता मुरगळला?" शरदरावांनी विचारलं.

तिथेच आईला घाम फुटला. "अहो, त्यांना निदान फ्रॅक्चर तरी द्या," ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "लेकीचे सासरे आहेत."

"प्रश्नात आहे तेच द्यायचं," श्यामराव म्हणाले होते आणि त्यांनी शिट्टी तोंडात घातली होती.

आता आभा वॉर्डच्या दारात, म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, उभी होती. शरदराव सोफ्यावर, पाय तक्क्यावर. आई सतरंजीवर डोळे मिटून निपचित.

"अगं आभा, पाय फार ठणकतोय!"

आभाचं पाऊल तिकडे पडलंसुद्धा. मग ती थबकली.

"ए नर्सबाई, मला घरी कधी सोडणार?" सुमनताईंनी हौसेने विचारलं. त्यांना मजा वाटत होती.

"हे काय जेवण म्हणायचं?" श्यामराव गरजले.

आभा सतरंजीकडे वळली. शरदरावांनी ते पाहिलं. नूपुरच्या लग्नात या माणसासाठी अख्खी पंगत खोळंबली होती. डावललं जायची त्यांना सवयच नव्हती.

"छातीतही दुखतंय बरं का," ते म्हणाले.

"अहो, तुमच्या प्रश्नात छाती नाहीये," सुमनताई म्हणाल्या.

"दुखायला काय परवानगी लागते?" शरदरावांनी पाय तक्क्यावरून खाली घेतला, तोही मुरगळलेला नव्हे, दुसराच. "राहू दे. आमचं काय, आम्ही पाहुणे."

श्यामरावसुद्धा जेवण विसरले. हा सूर घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. लग्नात असाच लागला होता, आणि तो उतरवता उतरवता नूपुरचं पहिलं वर्ष गेलं होतं.

आभाला वाटलं, जावं, पाय चेपून द्यावा, दोन मिनिटांचं तर काम. उद्याही असंच वाटेल, हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही बोलताय, म्हणजे तुमचा श्वास नीट चाललाय. तुम्ही थांबा."

वडीलधाऱ्या माणसाला 'थांबा' म्हणायची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. आभा सतरंजीशी गुडघे टेकून बसली, एका हाताने तिने आईचं मनगट धरलं आणि दुसरा हात तिच्या छातीवर ठेवला.

आईने एक डोळा उघडला.

"अगं, आधी त्यांच्याकडे जा," ती ओठ न हलवता पुटपुटली. "परीक्षेत काय लिहायचं ते उद्या लिही."

"आई, तू बेशुद्ध आहेस," आभा म्हणाली आणि श्वास मोजत राहिली.