लाल ठिपके

रोह्याच्या कंपनीत वायफायवर कोण कधी लॉगिन करतं, ते नाव टाकून शोधता येईल असा डॅशबोर्ड दिशाने आजच सुरू केला. गंमत म्हणून तिने स्वतःचंच नाव टाकलं, तर पडद्यावर लाल ठिपकेच ठिपके. कोणीतरी रोज तिच्या नावाने, तिच्या जुन्या पासवर्डने आत शिरायला बघत होतं.

"हॅकर असणार. आयडी बंद करू?" शेजारच्या प्रवीणने विचारलं.

"थांब जरा. वेळ बघ ना, रोज थोडी पुढे सरकते. आणि फक्त खाडीकडच्या राउटरवर."

खाडीकाठी वाढलेल्या दिशाला ती वेळ ओळखू आली. भरतीची होती. आत्ताही भरतीच होती. मग तिला आठवलं, तो पासवर्ड साठवलेला, कंपनीचं वायफाय दिसताच आपोआप जोडायला बघणारा आपला जुना फोन हल्ली कोणाच्या खिशात असतो ते.

तिने त्याच फोनवर कॉल लावला.

"बाबा, डॉक्टरनी नको सांगितलंय, तरी होडी घेऊन जातोस काय?"

"नाय गो बाय! होडी कवाच वर ओढून ठेवलीय. मी घरातच पडून हाय."

पडद्यावर तिच्या नावाचा नवा लाल ठिपका उमटला.