डाग राखून पॉलिश

“डाग काढायचा नाही,” म्हातारी पुन्हा म्हणाली. “आहे तसा ठेवायचा आणि वरून पॉलिश मारायचं.”

पॉलिशवाल्याने गिटार दाराकडच्या उजेडात धरली. दांड्याचं लाकूड कोरं होतं, फिकट. मागच्या अंगाला मात्र, वाजवणाऱ्याचा डावा पंजा बसतो तिथे, काळपट डाग पडला होता. हाताचा घाम पिऊन लाकडात मुरलेला.

“मावशी, लोक माझ्याकडे डाग काढायला येतात.”

“लोकांची मुलं जिवंत असतात.”

बरोबर आलेली सून भिंतीकडे बघत उभी होती. कपडे तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखे लोंबत होते.

दांडा म्हातारीच्या मुलाने हौसेने वेगळा, कोराच आणून गिटारला बसवला होता. पॉलिश स्वतः करणार होता. आज करू, उद्या करू म्हणता राहून गेलं, आणि एका सकाळी कामावर गेला तो परत आलाच नाही. अपघाताचा निरोप आला. आता दांडा वाकायला लागला होता. गिटारच्या दुकानदाराने हात झटकले होते. कोऱ्या लाकडाला कंपनीची वॉरंटी नसते. आधी पॉलिश करा, मग वाकला तर कंपनी नवा देईल, असं म्हणाला.

“नवा घेऊन काय करू?” म्हातारी म्हणाली. “मला याचीच हमी द्या, मिस्त्री.”

“लाकडाची देतो. डागाची कोण देणार?”

“तुम्ही.”

सून पहिल्यांदाच बोलली. “हल्ली डाग जास्तच गडद झालाय.”

“हवेनं होतं तसं,” म्हातारी म्हणाली.

“होतं,” पॉलिशवाल्याने मान डोलावली. “कोरं लाकूड हवेतलं सगळं ओढून घेतं.”

निघताना म्हातारीने सुनेला पुढे जाऊ दिलं आणि आवाज उतरवला. “त्या डागावर हात ठेवल्याशिवाय पोरगी ताटावर बसत नाही. काय ते समजा.”

तो समजला होता. दुसऱ्या दिवशी तारा सोडवतानाही त्याला ते आठवत होतं. पण त्याच्या वस्तादाने हाताला वळणच तसं लावलं होतं: लाकूड मांडीवर आलं की आधी काचकागद. कागद न मारता पॉलिश करणं म्हणजे तोंड न धुता लग्नाला जाणं, असं वस्ताद म्हणायचा. त्यात बायको दारात येऊन गळक्या नळाचं रडगाणं गात होती. हा हूं हूं करत होता, हात आपला चालला होता. नळाचा विषय संपला तेव्हा त्याने खाली पाहिलं. दांडा कापसासारखा पांढरा झाला होता.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“मेलेल्या माणसाचा हात पुसला मी.”

सगळं ऐकून ती म्हणाली, “सांगून टाका खरं.”

“आणि त्या पोरीने जेवण सोडलं तर?”

बायको आत निघून गेली.

त्याने आधी चहाचं पाणी लावून पाहिलं. डाग पडला, पण रंगवलेला दिसला, नाटकातल्या मिशीसारखा. तो त्याने खरवडून काढला. मग त्याच्या ध्यानात आलं, हाताचा डाग हातानेच पडतो. तेव्हापासून काम संपलं की तो हात न धुता बसायचा. डावा पंजा मानेवरून, केसांतून फिरवायचा आणि दांडा घट्ट आवळून धरायचा. बोटं वर-खाली सरकवायचा, जशी त्या मुलाने सरकवली असतील. अंगठा सुजला.

“माझा हात एवढा वेळ कधी धरला नाहीत,” बायको म्हणाली. “माझी वॉरंटी संपली वाटतं.”

त्याने मूठ आणखी आवळली.

म्हातारी मधेच चौकशीला आली. तिला पाहताच त्याने दांड्यावर फडकं टाकलं.

“हवा दमट आहे, मावशी. पॉलिश वाळत नाही.”

“मी काही घाई करत नाही. पण पोरीने अन्न टाकलंय. नुसत्या पाण्यावर आहे.”

ती गेल्यावर त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि पुन्हा दांडा धरला.

शेवटी लाकडाने डाग धरला. मूळच्यासारखाच काळपट, कडेला विरत गेलेला. त्यावर त्याने पॉलिशचे पातळ हात दिले, एक वाळल्यावर दुसरा. तारा चढवल्या आणि निरोप धाडला.

सुनेने गिटार घेतली आणि डोळे मिटून बोटं मागे नेली. बोटं डागावरून वर-खाली फिरली. मग तिने दांड्याला गाल लावला.

“तोच आहे,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “आई, घरी जाऊ या. भूक लागलीय.”

गिटार छातीशी धरून ती रस्त्यावर उतरली. म्हातारी मात्र दारातून मागे फिरली.

“हमीचं राहिलं, मिस्त्री.”

“तुमच्या दोघींच्या मागेही टिकेल,” तो म्हणाला.

म्हातारीने त्याचा डावा हात धरला. उलटा केला, तळवा उघडला. तो काळाकुट्ट होता, अंगठा सुजलेला.

“घासलात ना?”

“चुकून घासला, मावशी. तुमच्या मुलाचा हात मी पुसला. काय शिव्या द्यायच्या त्या द्या.”

“त्याचा मीच पुसला होता,” म्हातारी म्हणाली. “तो गेल्यावर घर आवरताना, साबण लावून, काथ्याने.” तिने त्याची बोटं एकेक करून मिटवली. “तुम्ही घासलात तो माझा हात होता.”